दिवस भरत होते, एसटी बंद होती

मुखेड नांदेड जिल्ह्यात आणि उदगीर लातूर जिल्ह्यात. पण इकडच्या लेकी तिकडे दिलेल्या, तिकडच्या इकडे आणलेल्या. कंधार आणि अहमदपूरचंही तसंच. हे दोन जिल्हे पिढ्यान् पिढ्या एकमेकांचे व्याही आहेत, आणि मधली सीमा इथल्या सोयरिकींना कधी जाणवली नव्हती. ती जाणवली २३ मार्च २०२० रोजी. त्या दिवशी राज्यभर संचारबंदी लागली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या, एसटीची चाकं थांबली. दुसऱ्या दिवशी रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा इकडचा रिवाज. ज्यांना सातवा सरत आला होता त्या पहिलटकरणी सासरीच अडकल्या. ज्या आधीच माहेरी पोचल्या होत्या त्यांची फाइल, सोनोग्राफीचे कागद आणि ओळखीच्या डॉक्टरीणबाई सीमेपलीकडे राहिल्या.

बाईच्या प्रजनन आरोग्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट तारखेला बांधलेली असते. पाळीची तारीख असते. पाळणा लांबवण्यासाठी घेतलेल्या ‘अंतरा’ इंजेक्शनची तारीख दर तीन महिन्यांनी येते. गर्भपाताच्या गोळ्या नऊ आठवड्यांच्या आत घ्यायच्या असतात, आणि कायद्याने गर्भपाताची मर्यादा तेव्हा वीस आठवड्यांची होती. बाळंतपणाची तारीख तर कोणालाच पुढे ढकलता येत नाही. टाळेबंदीची मुदत मात्र दर दोन-तीन आठवड्यांनी पुढे जात राहिली. सरकारी आदेशांची दिनदर्शिका आणि बाईच्या अंगातली दिनदर्शिका यांचा मेळ घालायचं काम कोणाच्याच टेबलावर नव्हतं. नांदेड-लातूरमध्ये कोरोनाच्या त्या दोन वर्षांत बायकांचे जे हाल झाले, त्यांच्या मुळाशी बहुतेक ठिकाणी हीच गोष्ट सापडते.

कागदावर सगळं होतं, हे आधी मान्य केलं पाहिजे. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृह सचिवांनी राज्यांना पत्र पाठवून सॅनिटरी पॅड अत्यावश्यक वस्तूंमध्ये येतात असा खुलासा केला. एप्रिलच्या मध्यावर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शिका काढली आणि मातांची तपासणी, बाळंतपण, नवजात बाळाची काळजी या सेवा थांबवू नयेत असं सांगितलं. मे महिन्यात याच विषयावर आणखी सविस्तर सूचना आल्या. पण पॅडचा खुलासा टाळेबंदीनंतर पाचव्या दिवशी करावा लागला, यातच बरंच काही आलं. दूध, भाजी, औषधं यांची यादी करताना पाळी कोणाच्या ध्यानातच आली नव्हती.

शाळेतल्या मुलींना याची झळ आधी बसली. राज्य सरकारच्या ‘अस्मिता’ योजनेत ८ मार्च २०१८ पासून जिल्हा परिषद शाळांच्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांना मिळत होतं. टाळेबंदीत तो आधारही डळमळला. जुनं लुगडं, धुतलेली घडी, आणि मराठवाड्यातला एप्रिल-मे. जिथे प्यायचं पाणी टँकरने येतं तिथे पाळीची कापडं धुवायला किती पाणी उरणार, हे वेगळं सांगायला नको. बारा माणसं दिवसभर घरात असताना ती उन्हात वाळत घालायची कुठे, हा प्रश्नही तेवढाच खरा होता.

दवाखान्यापर्यंतच्या अंतराचा प्रश्न याहून मोठा. नांदेड शहरापासून किनवट सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर आहे. माहूरही तसंच दूर, डोंगर आणि जंगल ओलांडून. किनवट तालुक्याला गोकुंद्याचं उपजिल्हा रुग्णालय आहे, पण रक्ताची मोठी गरज पडली किंवा नवजात बाळाला अतिदक्षता लागली, तर गाडी नांदेडच्या रस्त्याला लागते. किनवटचे लोक म्हणूनच कित्येकदा तेलंगणातलं आदिलाबाद गाठतात. देगलूर-धर्माबादचे निजामाबादकडे जातात, उदगीर-देवणीचे बीदरकडे. हा सीमाभाग तीन राज्यांच्या दवाखान्यांवर जगतो. राज्यांच्या सीमांवर नाके बसले तेव्हा या लोकांचे जवळचे दवाखाने एका रात्रीत परमुलखातले झाले. १०८ आणि १०२ क्रमांकाच्या गाड्या होत्या, पण त्याच गाड्यांवर आता कोविडचाही भार होता. जिल्ह्यांतर्गत एसटी २२ मेनंतर हळूहळू सुरू झाली, एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जाणारी २० ऑगस्टला, आणि ई-पासची अट २ सप्टेंबरला गेली. मार्चअखेर ज्या बाईला दिवस गेले तिचा सहावा महिना तोवर लागला होता. मार्चमध्ये जिला पाचवा होता ती बाळंत होऊन मोकळीही झाली होती.

आणि पोचल्यावर काय? नांदेडमध्ये विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरमध्ये विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, ही दोन जिल्ह्यांची शेवटची आशा. अडलेली बाळंतीण, झटके येणारी गरोदर बाई, कमी वजनाचं बाळ, सगळं शेवटी इथेच येतं. कोविडचे गंभीर रुग्णही इथेच आले. डॉक्टर तेच, भूलतज्ज्ञ तेच, ऑक्सिजनही तोच. त्या काळात तिथल्या निवासी डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी जे काम उपसलं त्याचं मोल कोणी कमी करू नये. पण एकाच दाराशी दोन्ही रांगा लागल्या तेव्हा साध्या तपासणीसाठी येणारी बाई आपोआप मागे सरली. कोणी हाकललं म्हणून नव्हे, भीतीने. ‘सरकारी दवाखान्यात गेलं की कोरोना होतो’ हे वाक्य तेव्हा गावोगाव कानी पडत होतं.

खाजगी दवाखान्यांची गोष्ट निराळी. मराठवाड्यातली बरीच बाळंतपणं तालुक्याच्या गावच्या छोट्या नर्सिंग होमच्या जिवावर चालतात. त्यांतली कित्येक पहिल्या महिन्यांत बंद होती. संरक्षक पोशाख नाही, कर्मचारी येत नाहीत, एक रुग्ण बाधित निघाला तर दवाखान्याला टाळं, ही त्यांचीही अडचण होती. जी उघडी होती ती आधी चाचणीचा अहवाल मागत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १८ मे २०२० च्या चाचणी धोरणात स्पष्ट लिहिलं होतं की चाचणी झाली नाही म्हणून बाळंतपणासारखं तातडीचं काम लांबवू नये. पण कळा सुरू झालेली बाई आणि तिचा घाबरलेला नवरा ते धोरण वाचून दवाखान्यात येत नाहीत. खाजगी चाचणीला तेव्हा साडेचार हजारांपर्यंत रुपये पडत. १३ जूनला राज्य सरकारने तो दर २,२०० वर आणला. रोजंदारी बुडालेल्या घराला हे २,२०० सुद्धा डोंगराएवढे होते.

याचा परिणाम आकड्यांत दिसला. पॉप्युलेशन फाउंडेशन ऑफ इंडियाने सरकारी आरोग्य माहितीचा अभ्यास केला. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत आदल्या वर्षीच्या मानाने दवाखान्यातली बाळंतपणं देशभरात २८ टक्क्यांनी घटलेली दिसली, आणि चार किंवा अधिक तपासण्या झालेल्या गरोदर बायका २७ टक्क्यांनी. यात नोंदी उशिरा झाल्याचाही वाटा असेल. तरी एवढी मोठी घसरण केवळ नोंदींची नसते.

धोका आधी ठाऊक नव्हता असंही नाही. पश्चिम आफ्रिकेत २०१४-१५ साली इबोला पसरला तेव्हा सिएरा लिओनमध्ये बायकांनी दवाखान्यात जाणं सोडलं. पुढे झालेल्या अभ्यासात, सेवा कमी वापरल्या गेल्यामुळे सुमारे ३,६०० जादा मातामृत्यू, नवजात मृत्यू आणि मृत जन्म झाल्याचा हिशेब निघाला. तो आकडा त्या देशात इबोलाने घेतलेल्या बळींच्या जवळपास होता. कोविडनंतर लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये २०२१ साली जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यातही मातामृत्यू आणि मृत जन्म वाढल्याचं दिसलं, आणि ही वाढ गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत अधिक होती.

महाराष्ट्राचं चित्र काय? देशात मातामृत्यू रोखण्यात तेव्हा केरळपाठोपाठ महाराष्ट्राचं नाव घेतलं जात होतं. नमुना नोंदणीनुसार २०१८-२० मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे राज्यात ३३ माता दगावत होत्या. २०१९-२१ मध्ये हा आकडा ३८ झाला. नमुना लहान असतो, म्हणून पाचाच्या फरकावर मोठी इमारत उभी करणं बरोबर नाही. पण वर्षानुवर्षं खाली येणारी रेघ नेमकी या काळात वर वळली, याकडे डोळेझाकही करता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी महाराष्ट्रात जून ते डिसेंबर २०१९ मध्ये झाली. ती महामारीच्या उंबऱ्यावर संपली. दवाखान्यातली बाळंतपणं ९४.७ टक्के, रक्तक्षय असलेल्या बायका ५४.२ टक्के, हे तिचे आकडे. म्हणजे ज्या बायका टाळेबंदीत शिरल्या त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक आधीच रक्ताने कमी होत्या.

त्याच सर्वेक्षणात आणखी एक आकडा आहे आणि तो या प्रश्नाचं मर्म सांगतो. राज्यातल्या विवाहित बायकांपैकी ४९.१ टक्के बायकांनी कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन करून घेतलेलं होतं. पुरुष नसबंदी एक टक्क्याच्याही खाली. मराठवाड्यात पाळणा थांबवायचा म्हणजे बाईने टाका घ्यायचा, असंच चालत आलं आहे. तांबी, गोळ्या, अंतरा, ‘छाया’ या गर्भनिरोधक गोळ्या, निरोध यांचा वापर ऑपरेशनच्या मानाने थोडाच. टाळेबंदीत ऑपरेशनं आणि तांबी बसवणं थांबलं. ज्यांचं दुसरं-तिसरं मूल झालं होतं आणि ऑपरेशनची तारीख ठरली होती, त्यांच्या हाती दुसरं काही नव्हतं, कारण दुसऱ्या साधनांची सवय कोणी लावलीच नव्हती. मुंबई-पुणे-हैदराबादहून कामकरी पुरुष गावी परतले तेही याच दिवसांत. नवरा घरी आणि साधन नाही, अशी गाठ पडली.

फाउंडेशन फॉर रिप्रॉडक्टिव्ह हेल्थ सर्व्हिसेस इंडियाने मे २०२० मध्ये अंदाज मांडला होता की देशातली सुमारे २ कोटी ५६ लाख जोडपी साधनांपासून वंचित राहू शकतात. जगाच्या पातळीवर सुरुवातीचे अंदाज फार भयंकर होते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने एप्रिल २०२० मध्ये ४ कोटी ७० लाख बायकांची भीती व्यक्त केली. वर्षभराने त्याच संस्थेचा हिशेब ११५ देशांत १ कोटी २० लाख बायका आणि १४ लाख अनाहूत गर्भधारणा इथवर खाली आला. अंदाज खोटे ठरल्याचा आनंदच आहे. पण १४ लाख हा आकडा लहान नाही, आणि त्यातली प्रत्येक गर्भधारणा एखाद्या बाईच्या पोटात होती.

दिवस राहिले आणि नको असले, तर? या प्रश्नावर मराठवाड्यात फार हळू आवाजात बोललं जातं. ‘पिशवी साफ करून आली’ एवढंच पुरेसं असतं. लॅन्सेट ग्लोबल हेल्थमधल्या अभ्यासानुसार २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यातले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. म्हणजे देशातल्या बायकांचा खरा गर्भपात-दवाखाना म्हणजे औषधाचं दुकान. इपास डेव्हलपमेंट फाउंडेशनने टाळेबंदीच्या पहिल्या तीन महिन्यांचा अंदाज काढला: एरवी ३९ लाख गर्भपात झाले असते, त्यातले साडेअठरा लाख अडले, आणि अडण्याचं मोठं कारण दुकानात गोळ्या न मिळणं.

नांदेड-लातूरमध्ये ही अडचण टाळेबंदीच्या आधीपासूनची आहे, आणि तिचं मूळ शेजारच्या परळीत आहे. २०१२ साली परळीतल्या एका डॉक्टर दांपत्याचं गर्भलिंग निदान आणि स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण उघडकीला आलं. एका बाईचा जीव गेला होता. २०१९ मध्ये त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. कारवाई हवीच होती. पण त्यानंतर गर्भपाताच्या गोळ्यांवर अशी काही करडी नजर पडली की राज्यातल्या असंख्य दुकानदारांनी त्या ठेवणंच बंद केलं. झंझट नको, म्हणून. नऊ आठवड्यांच्या आत घ्यायच्या या गोळ्यांचा लिंगनिदानाशी काही संबंध नाही, कारण तेवढ्या दिवसांत सोनोग्राफीवर लिंग कळत नाही. तरी धाक दोन्हींना सारखाच बसला. तालुक्याला गोळी नाही आणि जिल्ह्याला जायला गाडी नाही, अशा कोंडीत नऊचे बारा आणि बाराचे अठरा आठवडे व्हायला किती वेळ लागतो?

कायद्याची तारीखही अशीच चुकली. गर्भपाताची मर्यादा ठरावीक परिस्थितीत २० वरून २४ आठवड्यांवर नेणारं विधेयक लोकसभेने १७ मार्च २०२० रोजी मंजूर केलं, टाळेबंदीच्या अवघ्या आठवडाभर आधी. राज्यसभेची मंजुरी १६ मार्च २०२१ ला मिळाली आणि कायदा लागू झाला २४ सप्टेंबर २०२१ रोजी. जेव्हा चार आठवड्यांची सूट सर्वांत जास्त हवी होती, त्याच दीड वर्षात ती संसदेच्या आणि राजपत्राच्या वाटेवर होती. इंग्लंडने ३० मार्च २०२० रोजी फोनवर सल्ला घेऊन घरी गोळ्या घ्यायला परवानगी दिली. आपल्याकडेही दूरवैद्यक सल्ल्याची नियमावली २५ मार्चलाच आली होती. गर्भपाताच्या गोळ्यांसाठी तो रस्ता कोणी उघडला नाही. हा निर्णय चुकला, असं स्पष्ट म्हणायला हवं.

ऊसतोडीच्या बायकांचा उल्लेख केल्याशिवाय मराठवाड्यातला हा आढावा पुरा होत नाही. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून, बीडमधून तर मोठ्या संख्येने, आणि कंधार, मुखेड, जळकोटकडूनही जोड्या दसऱ्यानंतर कारखान्यावर जातात. टाळेबंदी लागली तेव्हा सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड कामगार ३८ कारखान्यांच्या आवारात अडकले होते. १७ एप्रिल २०२० ला त्यांना घरी जायची परवानगी मिळाली. त्यांत गरोदर होत्या, ओल्या बाळंतिणी होत्या. पालात ना संडास, ना आडोसा. पाळीत खाडा झाला तर कोयत्याची उचल फिटत नाही, म्हणून पिशवीच काढून टाकणाऱ्या बायकांची गोष्ट २०१९ साली राज्यभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. अहवालानंतर वर्षभरही झालं नव्हतं आणि टाळेबंदी आली. त्या अहवालातल्या शिफारशींचं काय झालं हे विचारायला तेव्हा कोणाला उसंत नव्हती.

शाळा बंद, मंगल कार्यालयं बंद, पन्नास माणसांत लग्न. मुली उजवायला यापेक्षा स्वस्त संधी मिळणार नाही, असा हिशेब कित्येक घरांनी केला. एप्रिल २०२२ मध्ये राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयात सांगितलं की आदिवासी भागांतल्या सर्वेक्षणात तीन वर्षांत १५,२५३ बालविवाह आढळले आणि १,५४१ रोखता आले. बालविवाह म्हणजे बहुधा वर्ष-दोन वर्षांत एक जोखमीचं बाळंतपण.

दुसरी लाट आली ती गरोदर बायकांवर अधिक क्रूरपणे. आयुर्विज्ञान परिषदेने प्रेगकोविड नोंदवहीतून पहिल्या आणि दुसऱ्या लाटेची तुलना केली. लक्षणं असणाऱ्या गरोदर व बाळंत बायकांचं प्रमाण १४.२ टक्क्यांवरून २८.७ टक्क्यांवर गेलं, मृत्यूचं ०.७ वरून ५.७ टक्क्यांवर. आणि लस? १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं, पण गरोदर बायकांना परवानगी मिळाली २ जुलैला. तोवर एप्रिल-मेची लाट येऊन गेली होती. दरम्यान व्हॉट्सॲपवर एक संदेश घराघरांत फिरला की पाळीच्या आधी आणि नंतर पाच दिवस लस घेऊ नये. सरकारच्या माहिती विभागाने तो खोटा असल्याचं एप्रिलमध्येच सांगितलं, पण अफवेची चाल नेहमीच वेगवान असते. लसीने वंध्यत्व येतं ही त्याच अफवेची थोरली बहीण. पुढे झालेल्या मोठ्या अभ्यासात लसीनंतर पाळीचं चक्र सरासरी एका दिवसाहूनही कमी लांबतं आणि पूर्ववत होतं, एवढंच निघालं. मात्र ‘लस घेतल्यावर पाळी पुढे गेली’ असं बायका सांगत होत्या तेव्हा त्यांचं ऐकून घेऊन उत्तर देणारं कोणी असतं, तर अफवेला इतकी मोकळी वाट मिळाली नसती.

ऐकून घेणारी एकच होती: आशाताई. महाराष्ट्रात आशा सत्तर हजारांच्या आसपास आहेत. टाळेबंदीत गावात कोण पोटुशी आहे, कोणाचे दिवस भरत आलेत, कोणाच्या गोळ्या संपल्यात, हे फक्त तिलाच माहीत होतं. पण तिच्या हाती ऑक्सिमीटर आणि तापमापक देऊन घरोघरी सर्वेक्षणाला पाठवलं गेलं. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेचा भारही तिच्यावर आला. गरोदर बायकांच्या भेटी उरलेल्या वेळात. ठरलेला पगार नाही, कामागणिक मोबदला, आणि काही ठिकाणी ‘कोरोना घेऊन आली’ म्हणून दारातूनच परतवणारे शेजारी. १५ जून २०२१ पासून आशा संपावर गेल्या, तेव्हा आठवडाभराने त्यांना मिळाली ती एक हजार रुपयांची मानधनवाढ आणि पाचशे रुपयांचा कोविड भत्ता. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरच्या आशांचा गौरव केला. गौरव योग्यच होता. पण या दोन जिल्ह्यांत बायकांच्या आरोग्याची अख्खी व्यवस्था ज्या एका बाईच्या पायांवर उभी राहिली, तिला आजही कायम कर्मचारी मानलेलं नाही, ही लाजेची गोष्ट आहे.

नंतर सगळं सुरळीत झालं, असं म्हणता येत नाही. एसटी कर्मचाऱ्यांचा संप २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला; कामगारांच्या मागण्या खऱ्या होत्या, पण तपासणीला जाणाऱ्या बाईची गाडी पुन्हा थांबली. विष्णुपुरीच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात बाळं होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हा ना महामारी होती, ना टाळेबंदी. औषधांची खरेदी, रिकाम्या जागा, क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त रुग्ण, आणि दूरच्या तालुक्यांतून उशिरा पोचलेली बाळं, याच गोष्टी चर्चेत आल्या. २०२० सालच्याही याच होत्या.

पुढची साथ कधी येईल ते सांगता येत नाही. पूर, दुष्काळ, संप तर दरवर्षीचेच आहेत. गावाला करता येण्यासारखं काही लगेच आहे. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती प्रत्येक गावात कागदावर असते आणि तिच्याकडे थोडा निधीही येतो. गावात कोणाचे दिवस कोणत्या महिन्यात भरतात, रात्री-बेरात्री कोणाची गाडी निघेल, सीमेपलीकडचा कोणता दवाखाना जवळचा आहे, उपकेंद्रात अंतरा, छाया, निरोध आणि पॅड तीन महिन्यांचे शिल्लक आहेत का, ही यादी आशाताईच्या वहीत तयार असू शकते, आणि पुरुषांनी ती मागायला लाजू नये. १५ ऑगस्टला तुमच्या गावात ग्रामसभा भरेल, तेव्हा रस्ता आणि नाल्याच्या आधी हा प्रश्न विचारा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.